लाल लुगड्याला लाह्यांचा वास

मौजा परसाटोला,
माघ वद्य पंचमी, शके १८५७

सौभाग्यवती रुख्माला तिच्या वहिनीचे ओंजळभर आशीर्वाद.

इकडची माणसं आणि बैल धडधाकट आहेत, तुमच्याकडचीही तशीच असोत. तुझ्या बाबांचा खोकला थंडीसोबत आला आणि थंडीसोबत जाईल, त्याची काळजी करू नकोस. काळी गाय व्याली, कालवड झाली. माय तिला तुझंच नाव ठेवायला निघाली होती, कारण ती दावणीला बांधू देत नाही.

बकाराम परवा तुमच्या सडक अर्जुनीहून गाडी घेऊन परतला. मला वाटलं, तुझी चिठ्ठी आणली असेल, म्हणून राखेचे हात तसेच घेऊन मी अंगणात धावले. चिठ्ठी नव्हती. आपला गडी म्हणजे गावाची दवंडी, हे तुला काय नव्यानं सांगायचं? ओसरीवर चार माणसं बसलेली. त्यांच्यादेखत त्यानं खणखणीत आवाजात तुझा निरोप सांगितला. "रुख्माबाईनं सांगतलं, वहिनीले म्हना, लुगडं आलं म्हंते घरात. आता माह्या भावाचं का राह्यलं त्या घरात?"

रागावलीस ते मी समजू शकते. पण असला निरोप बकारामाजवळ देतात का ग? तुला लिहिता येतं, मलाही येतं. तुझ्या दादानंच दोघींना एका पाटीवर शिकवलं, तू लग्न होऊन जाण्याआधीच्या त्या दोन वर्षांत. त्याचं शिकवणं असं बकारामाच्या तोंडी घालू नकोस.

तर झालं ते मीच लिहिते. बिरसीचा केवळराम तुला आठवत असेल. आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या पळसांची लाख तो अर्ध्या वाट्यानं काढतो, दर कार्तिकात येतो. उंच, खांद्यात वाकलेला, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघणारा. त्याची बायको बाळंतपणात गेली. त्याच्या काकानं येऊन माझ्यासाठी पाटाचं लुगडं मायजवळ ठेवलं. तू म्हणशील, ठेवू कसं दिलंत? अग, रीत तुझ्याच घरची आहे. विधवेच्या पाटासाठी, दुसऱ्या लग्नासाठी आलेलं लुगडं कुणी तोंडावर नाकारत नाही. ठेवून घ्यायचं, आणि नको असेल तर होळीच्या आत गड्याच्या हातून परत धाडायचं. होळी पेटली तेव्हा लुगडं घरात असलं की होकार झाला. कुणाला तोंड उघडायला नको. आपल्या माणसांना तोंड उघडायचा केवढा धाक आहे बघ!

लुगडं परत जाणार आहे. मायनंच ठरवलं. कारण ऐकशील तर तुझाही राग उतरेल. लुगडं लाल आहे.

पाटाला लाल! हिरवं चालतं, निळं चालतं, पट्ट्यापट्ट्यांचं चालतं. लाल फक्त पहिल्या लग्नाला, आयुष्यात एकदा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मायनं गाठोडं उघडलं आणि तशीच गाठ मारून खुंटीला टांगलं. म्हणाली, "कुवारी पोरगी समजला का येडा? का आमची थट्टा करून राहिला?" गाव तर नुसतं हसून राहिलं आहे. बायको नसलेल्या घरात लुगड्याचा रंग कोण सांगणार, म्हणतात. मी तेव्हा गोठ्यात होते. मी ते लुगडं पाहिलेलं नाही. मला पाहायचंही नाही.

लाल म्हटल्यावर आपला खेळ आठवला, म्हणून हे पत्र लांबलं.

आठवतो का? मी नवी नवरी, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि नाक मुरडून बसलेली. तू विचारलंस, वहिनी, काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं की हिरव्याला भिजल्या घोंगडीचा वास येतो. दुसरी कुणी असती तर मायला सांगायला पळाली असती. तू मला हाताला धरून धान साठवायच्या ढोलीमागे नेलंस आणि चिंध्या आणून माझ्यासमोर धरल्यास. पिवळा, नुकत्या विझलेल्या वातीचा. निळा, उतू जाऊन चुलीवर करपलेल्या दुधाचा. पांढऱ्याला काहीच नाही. लाल धरलास आणि मी हसले. लाह्या! मडक्यात धान तडतडायला लागतं, तेव्हाचा तो पहिला वास. चार दिवसांनी तू त्याच चिंध्या उलट्यासुलट्या करून पुन्हा आणायचीस, मला फसवायला. मी कधी फसले का?

आता खरं सांग. तुला तेव्हा पटलं होतं, की नव्या वहिनीची करमणूक करत होतीस?

तुझ्या दादाला मी एकदा आडून विचारलं होतं. म्हटलं, रंगाला वास असतो का हो? तो पाटीवर कित्ता काढत होता. म्हणाला, "पाच इंद्रियं म्हणजे पाच भावांची पाच घरं. एकाच्या चुलीवरचं दुसऱ्यानं हुंगू नये." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतका हसला की खडू मोडला. मीही हसले. विषय तिथेच मिटला.

तो गेला त्या दिवशी बायांनी माझं कुंकू पुसलं. कुंकू होतं तोवर आरशात पाहिलं की लाह्या फुटायच्या, इतकी सवय झालेली की मी ते विसरूनही गेले होते. त्या दिवशी ते बंद झालं. नुसतं लाल नाही, सगळंच. हिरवं धान डोळ्यांसमोर पसरलेलं असतं आणि घोंगडी नाही, काही नाही. रंग आहेत पण मुके. मला वाटलं, कुंकवाबरोबर तेही पुसलं गेलं असेल. कुणाला विचारणार? तुला विचारते आहे.

उत्तर लिही. राग लिही, पण लिही.

तुझी वहिनी,
गं. भा. जमुना



मौजा परसाटोला,
फाल्गुन शुद्ध षष्ठी

सौ. रुख्मास आशीर्वाद.

टपालवाला दोनदा येऊन गेला. एकदा मामलेदाराचा कागद बाबांना, एकदा शेजारी सेवकरामच्या घरी. तुझं काही नाही. तू बोलून भांडतेस तेव्हा मला भीती वाटत नाही, तू गप्प बसलीस की वाटते.

मी लुगडं उघडलं.

रागावू नकोस, आधी ऐक. माय उन्हात मिरच्या निवडत होती. मी माजघरात झाडायला गेले आणि झाडणी तशीच हातात राहिली. खुंटीवरच्या गाठोड्याची एक कड बाहेर आली होती, बोटभर. लाल. आणि रुख्मा, लाह्या! इतक्या जोरात की मी मागे वळून चुलीकडे पाहिलं. चूल गार होती.

मग मी ते सोडलं. पसरलं. तोंड झाकून घेतलं त्यात. हे लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिते.

आधी मी स्वतःला समजावलं, की त्यांच्या घरी लाह्या भाजल्या असतील आणि कापडानं वास धरला असेल. कापड धरतंच वास. म्हणून डोळे मिटून हुंगलं. काही नाही! नव्या कापडाची खळ, बस. डोळे उघडले, लाह्या. मिटले, खळ. चारपाच वेळा केलं असेल. आता तूच सांग, वास नाकानं यायचा तर डोळे मिटल्यावर तो का जावा? आणि डोळ्यांनी यायचा तर डोळ्यांना नाकपुड्या कधी फुटल्या?

तेवढ्यात माय दारात. "का हुंगून राहिली व?"

मी म्हटलं, माय, याले लाह्याईचा वास येते का? तिनं लुगडं नाकाशी धरलं, दोनदा, अगदी मनापासून. मग म्हणाली, "खळीचा येते. नव्या कापडाले दुसरा कोनता येईन?" आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तिला ताप असता तर बरं वाटलं असतं, असं तिचं तोंड झालं. संध्याकाळी तिनं मीठमोहऱ्या उतरवल्या.

मला काहीच कळेनासं झालं आहे. पळस फुललाय. पळसाला वास नसतो हे सगळं जग जाणतं. मला मोहफुलांचा येतो. बरं, त्याचं एक कारण मी जुळवलं. पळस आणि मोह एकाच दिवसांत फुलतात, लहानपणी आम्ही एका टोपलीत दोन्ही वेचून आणायचो, तेव्हाच मनात कुठे गाठ बसली असेल. पण मग लाल आणि लाह्या कुठल्या टोपलीत होत्या? नागपंचमीला माझी आई लाह्या भाजायची, तेव्हा तिच्या अंगावर लाल होतं का? मी डोळे ताणून आठवते. कधी लाल दिसतं, कधी कुसुंबी, कधी आईच दिसत नाही.

आणि लोक काय बोलतात ते तरी बघ. गोड गळा म्हणतात. गळा काय कुणी चाखून पाहिला? कोवळं ऊन म्हणतात, आंबट तोंड म्हणतात, तुझ्या सासूची नजर तिखट आहे हे तर तूच म्हणतेस. तेव्हा कुणी मीठमोहऱ्या उतरवत नाही. तुझ्या दादाच्या त्या पाच घरांच्या भिंती सगळ्यांच्याच पडक्या आहेत आणि मी एकटीनं मात्र लपून राहायचं.

का मी वेडी होऊन राहिले? विधवेला दोन वर्षांनी कुंकवाच्या रंगाचा वास येतो, याला काय म्हणायचं? सुख म्हणू तर तुझ्या दादाची आठवण आडवी येते. रोग म्हणू तर रोगात कुणाला भूक लागते का? मी त्या दिवशी दोन वेळा वाढून घेतलं.

लुगडं मी जसं होतं तसं बांधून ठेवलं. होळीआधी परत जाईल. गाव केवळरामला अजून येडा म्हणतं आणि त्याच्या धुऱ्यावरून जाताना पोरं ओरडतात, "लाल लुगडंऽऽ". ते मला आवडत नाही. तो येडा नाही. मला कसं ठाऊक असं विचारू नकोस. लाख काढणारा माणूस येडा असून भागत नाही, झाडावरून पडेल.

आणि हे सगळं लुगडं उघडल्यावर झालं. त्याआधी काही नव्हतं. हे तू नीट लक्षात ठेव. त्याआधी काहीच नव्हतं.

तुझी वहिनी,
जमुना



मौजा परसाटोला,
फाल्गुन शुद्ध चतुर्दशी

रुख्मा, आधी आशीर्वाद घे. पुढचं वाचून कदाचित घ्यावेसे वाटणार नाहीत.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. तुला ते तेव्हाच कळलं असेल. एकच गोष्ट मी दोनदा सांगायला लागले की तू डोळे बारीक करायचीस.

उद्या होळी. आज सकाळी मायनं गाठोडं खुंटीवरून काढून बकारामाच्या हातात दिलं. बैल जुंपलेले. ती म्हणाली, "बिरसीले जाय, त्याच्या अंगनात उभा राह्य, आन चार लोकाईत सांगजो, आमच्या घरी कुवारी पोरगी नाही. पाटाची रीत शिकून घे म्हना आंधी." बकारामाला तर हेच हवं असतं. तो तिथेच दोनदा म्हणून पाहू लागला, आवाज कुठे चढवायचा ते.

मी शेण सारवत होते. मला दिसलं ते अंगण, दिसले ते वाकलेले खांदे, सगळ्यांच्या पायांकडे बघत असलेला तो माणूस. आणि मी उठले. हात शेणाचे. म्हटलं, "माय, थांब. त्याईनं चुकून नाही धाडलं लाल. त्याईले मीच सांगतलं होतं."

आता ते तुला सांगते.

कार्तिकात लाख उतरवायला ते आले होते. (बघ, दोन पत्रांत 'तो' लिहिलं आणि आता 'ते' आलं. खोडत नाही.) दिवसभर पळसाच्या काड्या खरवडून दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. माय आणि बाबा खळ्यावर होते. विहिरीशी हात धुवायला आलेल्या माणसाला पाणी घालायचं, एवढंच मी करत होते. त्यांनी ओंजळ पुढे केली, मी लोटा कलता केला, आणि दगडावर लाल पाणी पसरलं.

लाह्या. दोन वर्षांनी.

मी दचकून म्हटलं, "घरात कोनी लाह्या भाजून राह्यलं का?" घरात कोणी नव्हतं हे मलाच ठाऊक. त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. "नाही बा. मले तं लाखेचीच घान येते." आणि मला रडू आलं, रुख्मा. असं रडू आलं की लोटा खाली ठेवावा लागला. ते बिचारे घाबरले. हात तसेच ओले, लाल, पुढे धरलेले. आपलं काही चुकलं असंच त्यांना वाटलं. म्हणून सांगावं लागलं. लालाला मला लाह्यांचा वास येतो, असं मी एका परक्या माणसाला सांगितलं.

ते हसले नाहीत. बाधा झाली का, असंही विचारलं नाही. माझ्या पायांकडे बघत विचारलं, "मंग हिरव्याचा कोनता?" जसं कुणी विचारावं, मग वरच्या बांधीत कोणतं धान टाकलं.

म्हटलं, भिजल्या घोंगडीचा. तेव्हा मात्र ते मोठ्यानं हसले. "तरीच धानात उभं राह्यलं का मले थंडी वाजते." मीही हसले. डोळ्यांत पाणी आणि हसू येऊन राहिलं. मग पिवळा विचारला, निळा विचारला. शेवटी म्हणाले, "मले नाही येत वास. खोटं कायले सांगू? पन तुमाले येते तं येते." आणि उरलेलं पाणी स्वतःच घेऊन हात धुतले. लाल काही पुरतं गेलं नाही. ते कधी पुरतं जातच नसावं.

झालं ते एवढंच. पुन्हा आम्ही बोललो नाही. माघात लुगडं आलं आणि ते लाल निघालं, तेव्हा अख्ख्या गावात मला एकटीला कळलं की ते का लाल आहे. लोक येडा म्हणणार, हे त्यांना कळत नसेल का? पाटाची रीत बिरसीत काय वेगळी आहे? पण हिरवं धाडलं असतं तर मी आयुष्यभर भिजल्या घोंगडीत बसले असते, आणि हे ठाऊक असलेलं माणूस तुझ्यानंतर तेवढं एकच. गावभर त्यांची टिंगल चालली आणि मी गोठ्यात तोंड लपवून ऐकत राहिले, कारण बोलले असते तर विहिरीवरचं सांगावं लागलं असतं.

आज सांगितलं. बकारामासमोरच सांगितलं, म्हणजे होळीच्या आत ते सडक अर्जुनीपर्यंत पोचेलच, माझं पत्र मागाहून येईल.

मला वाटलं, माय मला चुलीतलं लाकूड फेकून मारेल. ती ओट्यावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "हे माह्या पोराले सांगतलं होतं का?"

बाकी काही नाही. विहिरीवर कशाला बोललीस नाही, लोक काय म्हणतील नाही. फक्त हेच.

म्हटलं, नाही.

"कायले नाही?"

म्हटलं, ते हसले असते.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, ती म्हणाली, "हो. हासला असता. आन मंग गावभर सांगत फिरला असता, माही बायको पाहा, नाकानं रंग पाह्यते." आणि ती खरंच हसली, रडता रडता, तुझ्या दादासारखीच, मान मागे टाकून. मीही. आम्ही दोघी ओट्यावर बसून त्याच्यासाठी इतक्या रडलो, तेराव्याला रडलो नव्हतो तितक्या.

मग तिनं नाक पुसलं आणि अंगणाकडे तोंड करून ओरडली, "बकाराम, बैल सोड."

गाठोडं तिनंच परत खुंटीला टांगलं. वर मला म्हणाली, "रुख्माले तू लिही. मी नाही सांगनार तिले. तिचा भाऊ होता तो."

म्हणून लिहिते आहे. आणि मायनं जे विचारलं ते तूही विचारशील, म्हणून आधीच उत्तर देते. तुझा दादा मला प्रिय होता. यात काही गोंधळ नाही; बाकी सगळ्यात आहे. त्याच्या पाटीवर मी अक्षर शिकले, त्याच्याच अक्षरात हे लिहिते आहे. पण त्याच्या घरात सात वर्षं नांदून, त्याच्या नावाच्या कुंकवातून रोज येणारा वास मी त्याला सांगितला नाही, आणि दुसऱ्याला लोटाभर पाणी संपायच्या आत सांगून मोकळी झाले. तुझा राग लुगड्यावर आहे, पण लुगडं काय ग, कापड आहे. राग यायचा तर याचा येऊ दे. मलाही येतो. आणि तरी त्या विहिरीवरच्या दुपारची आठवण झाली की माझं मन हलकं होतं. एकाच मनात हे दोन्ही कसं राहतं, ते मला सांगता येत नाही. रंगात वास राहतो, तसंच राहत असेल.

लुगडं परत जाणार नाही. हे मी तुला विचारत नाही, सांगते आहे. वद्यात पाट लागेल, मी बिरसीला जाईन.

विचारायचं आहे ते वेगळंच. पाट लागला की या घराशी माझं नातं सुटेल, सून म्हणून, सगळं म्हणून. पण मला वहिनी म्हणणारी जगात तू एकटी. ढोलीमागे बसून चिंध्या धरणारी तू एकटी. मी पुढे तुझी कोण, रुख्मा?

रीतीनं सांगायचं तर सोपं आहे. पत्र ठेवून घे, म्हणजे मी तुझी वहिनीच राहिले. नको असेन तर परत धाड. तोंड उघडायला नको. पण तसं करू नकोस ग. घरात दोन वर्षं सगळे न बोलता राहिलो, त्यात मी पांढरी पडले. तू बोल. शिव्या दे. कागद नसला तर बकारामाजवळ सांग, चार माणसांदेखत सांग, मी ओसरीवर उभी राहून ऐकेन. पण बोल.

खाली माझ्या नावाआधी दरवेळी 'तुझी वहिनी' हे दोन शब्द असतात. या वेळी ती जागा मी मोकळी सोडली आहे.

. . . . . . . . . .
जमुना